बियाणं रुजवणारी माती घरी बनवा आणि विका: मिश्रण, चाचणी आणि खरा हिशोब



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण बियाणं लावण्यासाठीचं सेंद्रिय पॉटिंग मिक्स तयार केलं. माती कालवणं बघून शिकता येतं, हिशोब मात्र लिहूनच घ्यावा लागतो. म्हणून हा लेख. वही-पेन घेऊन बसा.

गिऱ्हाईक नक्की काय विकत घेतं?

तुमच्याकडे येणारा माणूस माती विकत घेत नाही. त्याने टोमॅटोच्या बियांचं पाकीट आणलंय, गॅलरीत ट्रे मांडलाय आणि आता आठ दिवस रोज सकाळी तो डोकावून बघणार आहे. कोंब दिसला तर तो पुन्हा येतो, शेजाऱ्यालाही घेऊन येतो. नाही दिसला तर भांडायला येत नाही, गुपचूप दुसऱ्या दुकानात जातो. माझ्या काउंटरवर लोक तडा गेलेली बादली परत आणतात, मेलेली रोपं कुणी आणत नाही. म्हणजे तक्रार येत नाही याचा अर्थ माल चांगला आहे, असा होत नाही. या धंद्यात माल आधी स्वतःच तपासायचा असतो.

साधी माती का चालत नाही?

आपल्याकडची काळी माती शेतात सोनं आहे, पण ट्रेमध्ये त्रास देते. ओली झाली की फुगते, सुकली की भेगा पडतात आणि वर पापडी धरते. नाजूक कोंबाला ती फोडता येत नाही. कोकणातली किंवा नर्सरीतली लाल माती कुंडीला ठीक, पण एकटी वापरली तर पाणी देऊन देऊन घट्ट बसते.

बीजाला तीन गोष्टी लागतात: ओल, हवा आणि थोडंसं अन्न. पाणी जास्त आणि हवा कमी झाली की बुरशी लागते. रोप जमिनीलगत दोऱ्यासारखं बारीक होतं आणि आडवं पडतं. लोक म्हणतात बियाणं खराब होतं. बऱ्याचदा दोष मातीचा असतो.

मिश्रण: 6-3-1

माप वजनाने नको, डब्याने घ्या. कारण ओल बदलली की वजन बदलतं.

- 6 डबे भिजवलेलं कोकोपीट
- 3 डबे चाळलेलं गांडूळखत
- 1 डबा परलाईट (भातपट्ट्यात असाल तर अर्धवट जाळलेलं भाताचं तूस)

कोकोपीट: 5 किलोची वीट भिजवली की साधारण 70 लिटर होते. नारळाच्या सोडणात क्षार असतात. वीट 'लो ईसी' नसेल तर दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये रोपाच्या पानांची टोकं करपतात.

गांडूळखत: 4 मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. वास जंगलातल्या ओल्या मातीसारखा हवा. अमोनियाचा किंवा कुजका वास आला तर ते अजून कच्चं आहे, वापरू नका. स्वतः बनवणार असाल तर 12 बाय 4 बाय 2 फुटांचा बेड मिळतो. त्यात ताजं शेण टाकू नका, ते तापतं आणि गांडुळं मरतात. पंधरा-वीस दिवस जुनं शेण आणि पालापाचोळा वापरा. जूनमधली विक्री पकडायची असेल तर बेड मार्चमध्येच भरा.

निंबोळी पेंड: बियांच्या मिश्रणात घालू नका. ती पुढच्या टप्प्याला, मोठ्या कुंडीत, मूठभर.

सगळं एकत्र करून मूठ दाबून बघा. लाडू वळला पाहिजे आणि बोट लावताच फुटला पाहिजे. पाणी गळलं तर ताडपत्रीवर पसरून ओल कमी करा.

अळिवाची चाचणी

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. किराणा दुकानातून अळीव आणा. 50 दाणे ओल्या कापसावर ठेवा आणि 50 दाणे तुमच्या मिश्रणात. अळीव फार लवकर रुजतं, चार-पाच दिवसांत निकाल हातात येतो.

समजा कापसावर 46 रुजले आणि मिश्रणात 44, तर लॉट पास. मिश्रणात 30च रुजले, किंवा मुळं आखूड आणि तपकिरी दिसली, तर खत कच्चं आहे किंवा क्षार जास्त आहेत. तो लॉट विकायचा नाही. कोकोपीट पुन्हा धुवा, खत अजून महिनाभर मुरू द्या, मग परत चाचणी. प्रत्येक लॉटला नंबर द्या आणि ट्रेचा फोटो काढून ठेवा. हाच फोटो उद्या तुमची जाहिरात असेल.

खरा हिशोब

खालचे भाव समजण्यासाठी धरलेत. तुमच्या गावचे भाव टाकून हाच तक्ता वहीत मांडा.

- कोकोपीट 60 लिटर × 3 रुपये = 180
- गांडूळखत 30 लिटर, म्हणजे साधारण 20 किलो × 10 रुपये = 200
- परलाईट 10 लिटर × 16 रुपये = 160
- एकूण कच्चा माल = 540 रुपये

इथे बहुतेकजण फसतात. 100 लिटर घातलं म्हणून 100 लिटर निघत नाही. बारीक कण मोठ्या कणांच्या फटीत बसतात, म्हणून 90 लिटर धरा. म्हणजे 5 लिटरच्या 18 पिशव्या.

एका पिशवीचा खर्च:

- कच्चा माल 30
- मजुरी 10 (दोन तास × 90 रुपये, 18 पिशव्यांत)
- पिशवी आणि लेबल 7
- घट आणि ने-आण 3
- एकूण 50 रुपये

मजुरी तुमची स्वतःची असली तरी लिहायचीच. बीबीएच्या पुस्तकात कॉस्टिंगचा मोठा धडा होता, पण घरगुती धंद्यात सगळ्यात आधी गाळला जातो तो हाच आकडा.

एमआरपी 99 ठेवली आणि थेट विकली, तर 49 रुपये उरतात. नर्सरीला 30 टक्के दिले, तर तुमच्या हातात 69 येतात आणि उरतात 19. कुरिअरने पाठवायचं म्हटलं, तर दोन किलोच्या आसपासची पिशवी, भाड्यातच नफा जातो. माती जड आणि स्वस्त वस्तू आहे, ती लांबचा प्रवास सोसत नाही. तुमचं मार्केट म्हणजे स्कूटरवर अर्ध्या तासात पोहोचता येईल तेवढं.

थेट 100 पिशव्या गेल्या तर 4,900 रुपये. एवढ्यावर घर चालत नाही, हे आधीच स्पष्ट सांगतो. पण याच गिऱ्हाइकाला ट्रे, बियाणं, निंबोळी पेंड, मोठ्या कुंडीचं मिश्रणही लागतं. माती हा दरवाजा आहे, धंदा आतमध्ये आहे.

लेबल आणि कायदा

पॅकबंद मालाला लीगल मेट्रोलॉजीचे 2011 चे नियम लागतात. पिशवीवर तुमचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ माप, माल तयार केल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसह एमआरपी, प्रति युनिट किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क लिहा. उद्यम नोंदणी मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. राज्यातच माल विकत असाल तर जीएसटीची मर्यादा साधारण 40 लाखांच्या उलाढालीची आहे. तुमचा तपशील सीएला दाखवा.

तीन गोष्टी सांभाळा. गांडूळखत 'खत' म्हणून स्वतःच्या नावाने पॅक करून विकायचं असेल तर खत नियंत्रण आदेश 1985 येतो, आधी तालुका कृषी अधिकारी कार्यालयात विचारा. प्रमाणपत्र नसताना 'सर्टिफाइड ऑरगॅनिक' छापू नका, आत काय-काय आहे ते लिहा. आणि 'रोग मारतो', 'कीड घालवतो' असले दावे नकोत, त्याला कीटकनाशकांचा कायदा लागतो.

या आठवड्याचं काम

18 पिशव्यांचा एकच लॉट करा. चाळणी, घमेलं घरात असेल तर खर्च 1,000 रुपयांच्या आत बसतो. अळिवाची चाचणी घ्या. मग सोसायटीतल्या, ओळखीतल्या 18 बागप्रेमींना विका, फुकट वाटू नका. दहा दिवसांनी प्रत्येकाला फोन करून एकच प्रश्न विचारा: "किती रुजलं?" उत्तरं वहीत लिहा. दुसरा लॉट करायचा की नाही, ते ती वही सांगेल.

चला तर मग, लागा कामाला. पुढच्या भागात मोठ्या कुंडीचं मिश्रण बघू.