बँकेची न दिसणारी खिडकी

पांढरकवड्याच्या बाजारात तुम्ही चाळीस रुपयांची वही घेतलीत. आईने मोबाइलवर क्यूआर कोड टिपला, पिन दाबला आणि काम झालं! पण तेवढ्यात पडद्याआड काय काय घडलं, ठाऊक आहे?

बँकेची सगळी खाती एक अवाढव्य संगणकप्रणाली सांभाळते. आईचं अ‍ॅप मात्र बाहेरचं. असे पुष्कळ प्रोग्रॅम ‘जावा’ भाषेत लिहितात. १९९५ साली अमेरिकेच्या सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने ती जगापुढे आणली. जेम्स गॉसलिंग हे तिचे जनक. जावात एकदा लिहिलेला प्रोग्रॅम निरनिराळ्या प्रकारच्या संगणकांवर चालतो, बरं का!

मग हा बाहेरचा प्रोग्रॅम थेट बँकेच्या खातेवहीत हात घालतो का? छे! परक्याला तिजोरीच्या खोलीत कोण शिरू देईल? बँकेत आपण खिडकीवर स्लिप भरून देतो ना, तसंच इथेही. या न दिसणाऱ्या खिडकीला ‘एपीआय’ म्हणतात. ठरलेल्या नमुन्यात निरोप द्यायचा, ओळख पटवायची आणि उत्तराची वाट पाहायची. नमुना ठरलेला असला, की आतला प्रोग्रॅम कुठल्या का भाषेत असेना! २०१६ साली आलेल्या यूपीआयमध्ये एका बँकेचा निरोप दुसरीकडे पोचवण्याचं काम मुंबईची एनपीसीआय ही संस्था करते.

आता खरी मेख पाहा. मध्येच नेटवर्क गेलं तर? पैसे कापले गेले, पण उत्तर आलंच नाही! म्हणून प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र क्रमांक असतो. उत्तर अडकलं, तर प्रोग्रॅम तोच क्रमांक दाखवून विचारतो, “याचं काय झालं?” त्याच क्रमांकाचे पैसे दोनदा कापायचे नाहीत, असा दंडक आहे.

पण आपण घाईने पुन्हा पिन दाबला, तर? तो नवा व्यवहार, नवा क्रमांक! चाळीसाचे ऐंशी जायचे. बाबा कापसाच्या पैशातून बियाण्याचे हजारो रुपये देत असतील, तर विचारच करा!

तेव्हा जरा थांबा. व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक लिहून ठेवा. दुकानदाराला पैसे मिळाल्याची खबर पोचलीच नाही, तर ते पाच दिवसांत आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला, तर दिवसाला शंभर रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे.

आईच्या मोबाइलमध्ये तो क्रमांक कुठे दिसतो, आजच शोधा पाहू!