अंबेकाठचा दुबळा मासा

मासा ओळखण्यात नागोठण्याचा माणूस सहसा चुकत नाही. गाव अंबा नदीच्या काठी वसलेले. खाली धरमतरची खाडी आणि भरतीचे पाणी थेट गावापर्यंत चढणारे. एके काळी मुंबईहून बोटी येथवर येत आणि महाबळेश्वरला निघालेले साहेबलोक येथे उतरून पुढची वाट धरीत. बोटी गेल्या, बंदराचे वैभव गेले. मासे मात्र राहिले. अशा गावात गेल्या मे महिन्यात माझा भाचा नदीकाठी उभा राहून मासे पकडीत होता; हातात ना गळ, ना जाळे! एका वृद्ध कोळ्याला राहवले नाही. त्याने विचारले, "पोरा, गल कुठं हाय तुजा?"

भाच्याने मोबाइल पुढे केला. पडद्यावर एक तांबडा, मिशाळ, डोक्यावर पिवळा मुकुट मिरवणारा मासा तडफडत होता.

"खातात का याला?"

"नाही."

"मंग धरतोस कशाला?"

प्रश्न बिनतोड होता आणि खरे सांगायचे तर तो माझाही होता.

भाचा नववीतून दहावीत गेला होता, तोही गणितात मास्तरांनी पदरचे गुण घातले म्हणून. बहिणीने त्याला पनवेलहून माझ्याकडे पाठवले. "दादा, तुझ्याजवळ राहून काही सुधारतो का पाहा," असे ती म्हणाली होती. मी पडलो कॉलेजात मराठी शिकवणारा. पोरे सुधारण्याचा मक्ता आपलाच आहे असे मला वाटत असे. पहिल्याच रात्री जेवताना मी त्याला म्हणालो, "मासे काय पकडतोस? अगदीच दगड आहेस!" तो काही बोलला नाही. ताटातला भात तेवढा चिवडीत राहिला. सौभाग्यवतींनी माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, तो वाचकांनी कल्पनेने जाणावा.

दुसऱ्या दिवशी मनाला टोचणी लागली म्हणून मी त्याच्याबरोबर फिरायला निघालो आणि विचारले, "काय रे हा खेळ? सांग तरी."

मग कळले ते असे. या खेळाचे मूळ जपानात आहे. सातोशी ताजिरी नावाच्या गृहस्थाला लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. पुढे टोकियोच्या आसपासची शेते आणि डबकी बुजून तेथे इमारती उठल्या. नव्या मुलांना तो शोधाशोधीचा आनंद कोठून मिळावा, या ओढीतून त्याने एक खेळ रचला. तो 1996 च्या फेब्रुवारीत जपानात विक्रीस आला आणि त्यात 151 काल्पनिक प्राणी होते. तेच हे पोकेमॉन. 2016 च्या जुलैत 'पोकेमॉन गो' निघाला आणि खेळ घरातून रस्त्यावर आला. मोबाइलला आपली जागा कळते. आपण चाललो की नकाशावरचे आपले बाहुलेही चालते आणि वाटेत प्राणी भेटतात. आपल्या देशात तो त्याच वर्षीच्या डिसेंबरात रिलायन्स जिओच्या सहकार्याने रीतसर आला. नागोठण्याचा मोठा कारखाना त्याच उद्योगसमूहाचा, त्यामुळे गावाचा या खेळाशी दूरचा का होईना, सोयरसंबंध निघतोच!

देवळे, पुतळे, जुन्या वास्तू अशा जागी या खेळातले थांबे असतात. तेथे प्राण्यावर टाकायचे चेंडू मिळतात. शहरात प्राणी बक्कळ, खेड्यात विरळ. पण पाण्याचे प्राणी पाण्याजवळ अधिक भेटतात. शिवाय 2017 च्या डिसेंबरपासून खरे हवामानही खेळात उतरले. आकाशातून पाऊस पडू लागला की खेळातही पडतो आणि जलचरांची वर्दळ वाढते. म्हणजे कोकणच्या पावसाळ्याला येथेही मान आहे म्हणायचा.

भाच्याच्या माशाचे नाव मॅजिकार्प. सगळ्या पोकेमॉनांत हा दुबळेपणासाठी प्रसिद्ध. पहिल्या खेळात एक फेरीवाला तो पाचशेला गळ्यात मारतो आणि घेणारा फसतो. लढाईत याची मुख्य विद्या म्हणजे उड्या मारणे. त्या उड्यांनी शत्रूच्या केसालाही धक्का लागत नाही.

"मग असला मासा घेऊन करायचे काय?"

"मामा, त्याच्या चारशे कँड्या जमवल्या की त्याचा गॅराडोस होतो. मोठा निळा सर्प, ड्रॅगनसारखा! मग लढाईत भलेभले त्याच्यापुढे टिकत नाहीत. विजेचे पोकेमॉन मात्र त्याला भारी पडतात. तो पाण्याचा आणि उडणारा असा दोन्ही आहे ना, म्हणून विजेचा मार दुपटीहून जास्त बसतो."

"चारशे? जमणार कशा?"

त्याने क्षणभरही विचार केला नाही. "एक मासा पकडला की तीन. परत पाठवला की आणखी एक. म्हणजे माशामागे चार. शंभर मासे पकडायचे. पण एक आपल्याजवळ ठेवायला हवा, तो परत पाठवता येत नाही. म्हणून होतात 399."

"आणि उरलेली एक?"

"ती चालून मिळते. मॅजिकार्पला सोबती करून एक किलोमीटर चाललं की एक कँडी."

मी चालता चालता थांबलो. गणितात जेमतेम तरलेल्या मुलाने हा हिशेब मांडला होता, आणि तो एक वजा करायला मी स्वतः विसरलो असतो!

त्याला मी मग माझ्याकडची गोष्ट सांगितली. चीनमध्ये जुनी कथा आहे की पीत नदीचा प्रवाह कापीत वर जाऊन जो कार्प मासा 'ड्रॅगनचा दरवाजा' उडी मारून ओलांडील, तो ड्रॅगन होईल. जपानात 5 मे या बालदिनी घरोघर कापडी कार्प वाऱ्यावर फडकवतात, ते मुलांनी तसेच चिवट व्हावे म्हणून. आणि आपल्याकडे? मनूच्या ओंजळीत आलेला इवलासा मासा 'मला मोठ्या माशांपासून वाचव' म्हणाला. मनूने त्याला वाढवले आणि प्रलयात त्याच माशाने मनूची नौका तारली. भाचा ऐकत होता. आल्यापासून प्रथमच त्याने माझ्याकडे मान वर करून पाहिले.

तो वृद्ध कोळी आता आमच्या ओळखीचा झाला होता. त्याने आपल्या परीने भर घातली. पहिला मोठा पाऊस झाला की नदीतले मासे ओढ्यावाटे, पाण्याच्या विरुद्ध, उड्या घेत शेतांत चढतात. हे वलगणीचे मासे. खवल, मळे, शिंगटी असे कितीतरी, पोटात गाभोळी घेऊन अंडी घालायला निघालेले. लोक रात्री पाग आणि टोपल्या घेऊन धावतात. "पन गाभोलीचा मासा धरला तर फुडच्या वरसाला काय ऱ्हाईल?" असे म्हणून म्हातारा गप्प झाला. भाच्याने हळूच विचारले, "मग तुम्ही नाही धरत?" म्हातारा हसला. "धरलं की रं. आता नाय धरीत."

पनवेलला त्याने निम्मे मासे आधीच जमवले होते. उरलेले अंबेकाठी मिळत गेले. जूनमध्ये पाऊस लागला आणि गर्दी उसळली. एका संध्याकाळी तो ओलाचिंब घरात आला. "मामा, 399!"

बाहेर धो धो पाऊस कोसळत होता. नदी चढू लागली होती आणि त्याला पुलाकडे जायचे होते. मी साफ नाही म्हटले. अंबेचा पूर ज्याने पाहिला आहे तो खेळासाठी काठावर जात नाही आणि मुलाला जाऊ देत नाही. त्याचा चेहरा पडला. मग मी छत्री काढली. नदीकडे पाठ करून वरच्या रस्त्याने अर्धा किलोमीटर गेलो आणि तेवढेच परत आलो. सारा वेळ तो मला गॅराडोसविषयी सांगत होता आणि मी, आयुष्यभर व्याख्याने देणारा माणूस, मुकाट्याने ऐकत होतो.

ओटीवर पोचताच चारशेवी कँडी पडली. त्याने बोट टेकवले. तांबडा मासा उजेडात बुडाला आणि निळा, आ वासलेला सर्प बाहेर पडला. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून धावत आल्या. मला त्या सर्पापेक्षा पोराचा चेहरा पाहण्यात अधिक रस होता.

"बाळ," मी म्हणालो, "त्या रात्री मी तुला दगड म्हणालो. ते चुकले माझे."

तो लाजला आणि म्हणाला, "असू दे मामा, तू एक किलोमीटर चाललास ना."

रात्री बहिणीचा फोन आला. "दादा, सुधारला का काही?"

गणिताचे काय होते ते दहावीचा निकाल सांगेल. मी तिला एवढेच म्हटले, "त्याला हिशेब उत्तम येतो. आपल्यालाच तो विचारता आला नाही."