दंड भरला म्हणजे केस मिटली का?

बारावीचा निकाल लागला की मानोरा, मालेगाव, रिसोडकडचे पालक एएनएम, जीएनएमच्या प्रवेशाची चौकशी करू लागतात. कागदपत्रांची यादी सांगून झाली तरी एखादी आई उठत नाही. मग हळूच विचारते, "पोरीच्या नावावर एक केस होती. ती नर्स होऊ शकेल का?"

किरकोळ केस असेल तर बहुतेक वेळा होऊ शकते. पण ती केस कशी संपली, हे आधी पाहावे लागते. आपल्याकडे सर्रास म्हणतात, दंड भरला, केस मिटली. न्यायालयात गुन्हा कबूल करून दंड भरला असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ती शिक्षाच. मग दंड कितीही लहान असो. याउलट, बांधावरच्या भांडणात साधी मारहाण झाली आणि दोन्ही घरांनी न्यायालयापुढे रीतसर तडजोड केली, तर आरोपी निर्दोष सुटला असे धरले जाते. तारखेला गेले की मजुरी बुडते, म्हणून लोक घाईने कबुली देतात. हा फरक त्यांना त्या वेळी कोणी सांगत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे महिलांना आणि अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना, उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो. कबुली देण्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

घटनेच्या दिवशी मुलगी १८ वर्षांच्या आत असेल आणि प्रकरण बाल न्याय मंडळापुढे संपले असेल, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याचे कलम २४ तिच्या बाजूने आहे. त्या निकालामुळे ती कशालाही अपात्र ठरत नाही.

आणि वडिलांवरची किंवा भावावरची केस ही मुलीची केस नव्हे. आमच्या पारधी कुटुंबांना हे मुद्दाम सांगावे लागते. जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा कायदा १९५२ मध्येच रद्द झाला; मनातली भीती मात्र अजून गेलेली नाही.

खरी अडचण येते ती सरकारी नोकरी लागताना. तिथे साक्षांकन नमुना भरावा लागतो, आणि पोलीस चारित्र्य पडताळणी करतात. अटक झाली होती का, खटला चालू आहे का, शिक्षा झाली का, असे वेगवेगळे प्रश्न त्यात असतात. घाबरून सगळीकडे "नाही" लिहिले, तर मूळ केसपेक्षा ते लपवणेच जास्त नडते. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सांगितले की माहिती खरीच द्यावी. मात्र क्षुल्लक गुन्हा असेल तर तो लपवल्याची चूकही अधिकारी माफ करू शकतात. खरे लिहिले तरी नेमणुकीचा निर्णय त्यांच्याच हातात राहतो, हेही मुलींना आधीच सांगून ठेवावे.

म्हणून नमुना भरायला बसण्यापूर्वी न्यायालयातून निकालाची प्रमाणित प्रत काढा. प्रश्न एकेक करून वाचा, जेवढे विचारले आहे तेवढ्याचे नेमके उत्तर लिहा आणि प्रत सोबत जोडा. एक झेरॉक्स घरी ठेवा. पुढच्या नोकरीच्या वेळीही ती लागेल.