चार इंचांचा शेजार

मुंबईहून अमेरिकेला थेट जाणारं विमान पंधरा-सोळा तास हवेत असतं. इकॉनॉमी वर्गात एवढा वेळ काढायचा, तर जेवण आणि सिनेमांपेक्षा हाताच्या दांड्यातलं एक छोटं बटण जास्त कामाचं ठरतं. ते कधी आणि कसं दाबावं यावरून भांडणं होतात. ती समजून घ्यायला आधी सीट कशी चालते ते पाहू.

लांब पल्ल्याच्या विमानांत इकॉनॉमीच्या दोन रांगांमधलं अंतर साधारण ३१-३२ इंच असतं. त्याला सीट पिच म्हणतात. हे अंतर एका सीटच्या एखाद्या बिंदूपासून पुढच्या सीटच्या त्याच बिंदूपर्यंत मोजलं जातं. म्हणजे सीटच्या पाठीची जाडीही त्यातच आली, आणि पायांच्या वाट्याला उरतं ते बरंच कमी. बटण दाबलं की सीटखालच्या सिलिंडरचं कुलूप सुटतं. पाठीवर आपला भार असेल तर सीट मागे जाते, नसेल तर आतली स्प्रिंग तिला पुन्हा सरळ करते. बोट उचललं की सीट जिथे असेल तिथेच अडकते. म्हणजे ‘ताठ’ आणि ‘पूर्ण मागे’ यांच्यामध्ये कुठेही थांबता येतं. पुष्कळ लोक मात्र बटण दाबून अंग झोकून देतात, आणि मागच्याच्या चहाला त्याचा प्रसाद मिळतो.

सीटची पाठ कमरेच्या उंचीवर फिरते. त्यामुळे तिचं वरचं टोक चार-पाच इंच मागे आलं, तरी गुडघ्यांच्या पातळीवर ती त्याहून खूप कमी सरकते. मागच्याची अडचण होते ती मुख्यतः नाकासमोर. पडदा जवळ येतो, आणि ट्रेवर लॅपटॉप उघडा असेल तर त्याची झाकणबाजू सीटच्या पाठीखाली अडकून तडकू शकते. उंच माणसाची गोष्ट वेगळी. त्याचे गुडघे आधीच पुढच्या सीटला टेकलेले असतात, त्याला अर्धा इंचही जाणवतो. आपणही सीट मागे घेतली की गेलेली जागा बरीचशी परत मिळते, पण ही साखळी शेवटच्या रांगेपाशी तुटते. तिथल्या सीटमागे भिंत किंवा स्वच्छतागृह असतं आणि ती बहुधा मागे जातच नाही.

मग ती जागा कोणाची? पुढच्याला वाटतं, बटण माझ्या सीटला आहे. मागच्याला वाटतं, हवा माझ्या तोंडासमोरची आहे. २०१४ साली न्यूअर्कहून डेन्व्हरला निघालेलं एक विमान याच वादामुळे शिकागोला उतरवावं लागलं. एका प्रवाशाने ‘नी डिफेंडर’ नावाची प्लास्टिकची खुंटी लावून पुढची सीट अडवून ठेवली होती. त्यानंतर बुकाफुस्को आणि स्प्रिगमन या अमेरिकेतल्या कायद्याच्या दोन प्राध्यापकांनी लोकांना या जागेची किंमत विचारली. सीट मागे न घेण्यासाठी पुढचे सरासरी ४१ डॉलर मागत होते, मागचे १८ द्यायला तयार होते. प्रश्न उलटा करून, जागा मागच्याची आहे असं धरलं, तर पुढचे १२ डॉलर देऊ करत होते आणि मागचे ३९ मागत होते. जे आपलं मानलं त्याची किंमत दुपटी-तिपटीने वाढते! त्यामुळे मालकीच्या वाटेने हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. वेळेच्या वाटेने मात्र तो बराचसा सुटतो.

आपल्या रेल्वेने हे कधीच ओळखलंय. मधला बर्थ रात्री १० ते सकाळी ६ एवढाच वेळ उघडायचा, असा नियम २०१७ मध्ये ठरला; त्याआधी ९ पासून मुभा होती. विमानात असं घड्याळ लिहिलेलं नसतं, पण क्रूच्या कामाच्या क्रमात ते दडलेलं असतं. उड्डाण आणि उतरताना सीट सरळ हवी, हा मात्र शिष्टाचार नव्हे, नियम आहे. विमानाला मान्यता मिळण्यापूर्वी भरलेलं विमान अर्ध्याच दारांतून ९० सेकंदांत रिकामं होतं हे दाखवावं लागतं. अशा वेळी मागे झुकलेली सीट वाट अडवते.

मुंबईहून मध्यरात्रीनंतर निघालेल्या विमानात भूक असो-नसो जेवण येतं. ट्रे उचलले जाईपर्यंत सीट सरळ ठेवावी; नाहीतर मागच्याला डाळ-भात हनुवटीखाली धरून जेवावा लागतो. दिवे मंद झाले की सीट मागे घ्यायला हरकत नाही. तेव्हाही आधी वळून बघावं. लॅपटॉप, गरम कप, मांडीवरचं बाळ यांतलं काही दिसलं तर ‘जरा सीट मागे घेतो, चालेल?’ एवढं विचारावं. परवानगीपेक्षा मागच्याला सावरायला मिळणारे दोन क्षण मोलाचे असतात. मग पाठ टेकवून हळूहळू मागे जावं. उतरण्याआधी नाश्त्याला दिवे लागले की पुन्हा सरळ. आणि दिवसाच्या प्रवासात दोन-तीन तासच बसायचं असेल, तर बटणाला हात न लावलेलाच बरा.

मागच्यालाही पथ्यं आहेत. उठताना पुढची सीट धरून लोंबकळायचं नाही, हाताच्या दांड्यावर जोर द्यायचा. पडद्यावर खेळताना बोट जोरजोरात आपटलं की ते पुढच्याच्या मानेला लागतं. पडदा नीट दिसेनासा झाला तर खालची कड ओढून पाहावी, बऱ्याच विमानांत तो कलतो.

पुढचा जेवतानाही सीट सरळ करत नसेल, तर लाथा मारण्यापेक्षा क्रूला बोलवावं. जेवणाच्या वेळी ते त्याला नक्की सांगतात. रात्रभरासाठी मात्र ते सहसा मनाई करत नाहीत. फार तर एखादी रिकामी सीट शोधून देतील. म्हणून आई-बाबांचं तिकीट काढताना सीटचा नकाशा उघडून पाहावा. शेवटची रांग टाळावी, आणि आपत्कालीन दाराच्या लगेच पुढचीही. त्या दाराकडची वाट मोकळी राहावी म्हणून तिथल्या सीट बऱ्याचदा मागे जात नाहीत.