दिवा हिरवा, बोलणं बंद

2003 च्या पावसाळ्यात कोल्हापूरजवळच्या एका पतसंस्थेत मी तीन दिवस जिन्याखाली बसून काढले. जिन्याखाली म्हणजे त्यांची सर्व्हर रूम. एक कपाट, एक टेबल फॅन, भिंतीवर लक्ष्मीचा फोटो आणि त्याखाली नवा कोरा स्विच. जुना सर्व्हर एका कंपनीचा, स्विच दुसऱ्या कंपनीचा. केबल मीच क्रिंप केलेली, टेस्टरवर आठही तारा ओके. पोर्टवरचा दिवा हिरवागार. पिंग मारला, म्हणजे ‘आहेस का?’ असं विचारलं, की उत्तर येत होतं. पण खातेदारांच्या याद्यांची फाइल कॉपी करायला घेतली की पट्टी मुंगीच्या पावलांनी सरके, मध्येच थांबे आणि शेवटी लाल अक्षरं दाखवून मोकळी होई. पहिल्या दिवशी मी केबल बदलली, दुसऱ्या दिवशी कार्ड बदललं. तिसऱ्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी चहा विचारणं बंद केलं.

दोन्ही कंपन्यांच्या सपोर्टला फोन झाले. दोघांचं उत्तर एकच: ‘आमचा बॉक्स ओके आहे, समोरच्याला बघायला सांगा.’ आणि गंमत अशी की दोघंही खरं बोलत होते.

झालं होतं ते असं. इथरनेटच्या दोन टोकांना आधी दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: वेग किती, आणि दोघांनी एकाच वेळी बोलायचं की आळीपाळीने. हे आपापसात ठरवून घेण्याची सोय 1995 च्या फास्ट इथरनेटच्या मानकात आली. तिला ऑटो-निगोशिएशन म्हणतात. आमच्या सर्व्हरवर आधीच्या कुणीतरी ‘100, फुल डुप्लेक्स’ असं हाताने ठोकून ठेवलेलं होतं. त्यामुळे तो वाटाघाटीला बसतच नव्हता. स्विच बिचारा वाट बघे, सिग्नलवरून वेग ओळखे, पण समोरचा फुल की हाफ हे सिग्नलवरून कळत नाही. अशा वेळी हाफ धरावं असं मानकच सांगतं. मग एक जण मनाला येईल तेव्हा बोलतो, दुसरा आपली पाळी येईपर्यंत थांबतो आणि बोलताना समोरून आवाज आला की टक्कर झाली समजून गप्प होतो. पिंगची चिमुकली पाकिटं निसटून जातात, मोठी फाइल मरते. एका चौकटीतली खूण काढली आणि पाच मिनिटांत काम झालं.

पण ती खूण तिथे आली कशी? नव्वदच्या दशकात वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांची ही वाटाघाट खरोखरच फसायची. मानकातली काही वाक्यं प्रत्येकाने आपल्या परीने वाचली होती. म्हणून जाणकार सांगत, ऑटोवर विसंबू नका, हाताने सेट करा. पुढे मानकाची भाषा घट्ट झाली, उत्पादनं सुधारली, 1999 च्या तांब्याच्या तारेवरल्या गिगाबिट मानकाने तर ऑटो-निगोशिएशन सक्तीचंच केलं. सल्ला मात्र माणसांच्या तोंडी राहिला. माझे तीन दिवस त्या सल्ल्याने खाल्ले.

एका कंपनीचं यंत्र दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी विनातक्रार बोलणं, याला सरकारी मराठीत ‘आंतरचालनक्षमता’ असा शब्द सापडतो. तो उच्चारेपर्यंत लिंक पडते. फील्डवरची पोरं म्हणतात, ‘हे त्याच्याशी बोलतंय का?’ मीही तसंच म्हणेन. गेल्या पंचेचाळीस वर्षांत ही बोलाचाली मानक छापल्यामुळे आपोआप झालेली नाही. एकमेकांचे स्पर्धक आपापली यंत्रं घेऊन एका खोलीत बसले, एकमेकांसमोर उघडे पडले, म्हणून ती झाली.

या खोलीची सुरुवात इंटरनेटच्या जन्माइतकीच जुनी. कॅलिफोर्नियात दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाची आयएसआय नावाची संशोधन संस्था आहे. तिथे जॉन पोस्टेल हा दाढीवाला, सँडल घालून वावरणारा संशोधक काम करायचा. टीसीपी आणि आयपी हे इंटरनेटचे मूळ प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याचे नियम, घडत होते तेव्हा ते लिहिणाऱ्या चमू मोजक्याच होत्या आणि नियमांचा मसुदाही रोज हलत होता. आपला प्रोग्राम बरोबर आहे हे ठरवायचं कसं? दुसऱ्याच्या प्रोग्रामशी जोडून बघायचं, बिनसलं की भांडायचं, आणि भांडणात जे पटेल त्याप्रमाणे कधी प्रोग्राम बदलायचा, तर कधी चक्क मसुदाच बदलायचा. या बैठकांना नाव पडलं ‘बेक-ऑफ’, म्हणजे पाककृतींची स्पर्धा.

पोस्टेलने सप्टेंबर 1987 मध्ये या बैठकांची गुणपद्धत आरएफसी 1025 या टिपणात छापून ठेवली. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री एकटाच हसत होतो. गट मुष्टियुद्धातले: फेदरवेट, मिडलवेट, हेवीवेट. स्वतःशीच कनेक्शन उघडता आलं तर एक गुण. संभाषण सभ्यपणे, क्रॅश न होता संपवलं तर आणखी एक. दुसऱ्या कुणाशी बोलता आलं तर दोन. ‘कामिकाझे’ पाकीट पचवलं तर दहा. हे पाकीट म्हणजे सुरू कर, संपव, तातडीचं आहे, लगेच पुढे ढकल अशा सगळ्या खुणा एकदम लावलेलं, कायद्याने वैध पण कुणी शहाणा पाठवणार नाही असं. प्रतिस्पर्ध्याला नियमातल्या ठोशाने आडवं केलं तर तीस गुण. आणि सर्वांत चांगल्या सबबीला दहा. सबबीला गुण देणाऱ्या माणसाने सपोर्टचे फोन नक्कीच ऐकले असणार.

(‘बेक-ऑफ’ हे नाव पुढे अडचणीत आलं. अमेरिकेत पिल्सबरी या पिठाच्या कंपनीची त्याच नावाची पाककला स्पर्धा आहे आणि नाव तिच्या मालकीचं. इंटरनेटवरून फोन करण्याच्या एसआयपी प्रोटोकॉलवाल्यांना आपल्या बेक-ऑफचं बारसं पुन्हा करावं लागलं, ते ‘सिपिट’ झाले. इतरत्र ‘प्लगफेस्ट’ रुळलं.)

या खोल्यांचा एक अलिखित, बऱ्याच ठिकाणी लिखितही, दंडक असतो: इथे जे दिसलं ते बाहेर सांगायचं नाही. विक्रीवाल्यांना प्रवेश नाही. इंजिनिअर सोर्स कोड घेऊन येतो, दुपारी नापास होतो, रात्री हॉटेलच्या खोलीत दुरुस्ती करतो आणि सकाळी पुन्हा त्याच टेबलावर बसतो. एरवी महिनोन्महिने ईमेलवर ‘तुमची चूक, तुमची चूक’ चाललं असतं, ते दोन खुर्च्या शेजारी ओढल्या की अर्ध्या तासात मिटतं. हिशेबही बघा. दहा उत्पादनं असतील तर जोड्या पंचेचाळीस, चाळीस असतील तर सातशे ऐंशी. प्रत्येक जोडीसाठी वेगळा दौरा काढायचा तर कुणाचंच काम व्हायचं नाही.

मतभेद किती क्षुल्लक असू शकतो याचा माझा आवडता नमुना ब्रॉडकास्टच्या पत्त्याचा आहे. ‘सगळ्यांनी ऐका’ हे सांगायला पत्त्याचा शेवटचा भाग कसा लिहायचा? बर्कली विद्यापीठाच्या युनिक्समध्ये, 4.2 आवृत्तीत, तिथे सगळी शून्यं होती. 1984 मध्ये मानक ठरलं, सगळे एक. मधल्या काळात दोन्ही प्रकारची यंत्रं एकाच तारेवर नांदत होती. एकाने दवंडी पिटली की दुसऱ्याला ती दवंडी वाटायचीच नाही. हे कुणा परक्याचं पत्र आहे असं समजून तो ते पोहोचवायला निघायचा आणि पत्ता विचारत सगळ्या नेटवर्कला ओरडायचा. असे पन्नास जण एकदम ओरडले की नेटवर्क आडवं. शून्य की एक, एवढाच वाद.

बेक-ऑफची ही खोली बाजारात आणली डॅन लिंच यांनी. तेही आयएसआयमधलेच. 1986 मध्ये माँटेरेला त्यांनी संशोधक आणि कंपन्यांना एकत्र बसवलं आणि 1988 मध्ये सांता क्लारात ‘इंटरॉप’ नावाचं प्रदर्शन भरवलं. त्याची अट साधी आणि जालीम होती. स्टॉल लावायचा तर आपलं यंत्र प्रदर्शनाच्या सामाईक नेटवर्कला जोडून दाखवा. नुसती पत्रकं वाटणं नाही. ते नेटवर्क उभं करायला वेगवेगळ्या कंपन्यांचे इंजिनिअर स्वयंसेवक म्हणून आधीपासून येऊन केबली ओढत, मंडळाची पोरं गणपतीच्या आदल्या रात्री मांडवात राबतात तशी. गिऱ्हाइकाला दिसायचं की कुणाची पेटी खरंच बोलते आहे.

1990 च्या इंटरॉपमध्ये जॉन रॉमकी आणि सायमन हॅकेट यांनी पाव भाजायचा टोस्टर इंटरनेटला जोडला. त्याला चालू-बंद करणारी भाषा होती एसएनएमपी, म्हणजे राउटर-स्विचवर देखरेख ठेवणारीच. पाव किती भाजायचा हे नेटवर्कवरून सांगता यायचं, पण पाव आत घालायला माणूस लागे. पुढच्या वर्षी त्यासाठी छोटी क्रेन बसवली. लोक याला आज ‘स्मार्ट’ वस्तूंची आजी म्हणतात. मला त्यात दुसरंच दिसतं: भाषा खरोखर सामाईक असली तर टोस्टरलाही ती बोलता येते.

प्रदर्शन मोजक्याच दिवसांचं. वर्षभर उघडी राहणारी खोली न्यू हॅम्पशायर विद्यापीठाने काढली, डरहॅम या छोट्या गावात. 1988 मध्ये विद्यापीठाला स्वतःसाठी एफडीडीआय हे तेव्हाचं वेगवान फायबर नेटवर्क घ्यायचं होतं. दोन कंपन्यांची यंत्रं आणली, ती एकमेकांशी बोलेनात. खोदून पाहिलं तर फरक निघाला मानकाचा मसुदा आणि अंतिम प्रत यांच्यातला. दोन्ही कंपन्यांना सोबत घेऊन तो मिटवला, तेव्हा विद्यापीठातल्या मंडळींच्या लक्षात आलं की ही गरज सगळ्यांचीच आहे. 1990 पासून कंपन्यांचे गट झाले. वर्गणी भरायची, यंत्र प्रयोगशाळेच्या मांडणीवर ठेवायचं, आणि नवं कुणी आलं की त्याची सगळ्या जुन्यांशी गाठ घालून द्यायची. निकाल गुप्त, ज्याचा त्यालाच. आणि चाचण्या घेतात कोण? पदवीचे विद्यार्थी. विशीतलं पोर बड्या कंपनीच्या स्विचमधली चूक काढून तिच्या मुख्य इंजिनिअरला कळवतं. माझ्या मते या क्षेत्रातली सर्वांत शहाणपणाची योजना हीच.

वायफायची गोष्ट बहुतेकांना अर्धीच ठाऊक असते. 802.11 हे बिनतारी नेटवर्कचं मानक 1997 मध्ये आलं, पण त्यात हवेतून बोलण्याच्या तीन निरनिराळ्या रीतींना मान्यता होती. एका रीतीचं कार्ड दुसऱ्या रीतीच्या कार्डाला ओळखतही नसे, आणि दोन्ही ‘मानकाप्रमाणे’! 1999 मध्ये थ्रीकॉम, नोकिया, ल्युसेंट यांच्यासह सहा कंपन्यांनी संघटना काढली. तिच्या मूळ नावातच ‘कंपॅटिबिलिटी’ हा शब्द होता, आज ती वायफाय अलायन्स म्हणून ओळखली जाते. इतरांच्या यंत्रांसोबत चाचणी उतरल्याशिवाय शिक्का नाही, हा तिचा नियम. 2000 पासून शिक्के मिळू लागले. विमानतळावर, लॉजवर, मुंबईच्या चाळीत आपला फोन कुठल्याही राउटरला चिकटतो, त्यामागे ही चाचणी आहे.

तरी शिक्का म्हणजे देव नव्हे. वायफायच्या ‘एन’ पिढीचं मानक 2009 मध्ये पक्कं झालं, पण शिक्के 2007 पासूनच मसुद्यावर वाटले गेले, कारण बाजार थांबायला तयार नव्हता. त्या वेळी ते निभावलं. दुसरं, चाचणी ठरावीक गोष्टींचीच होते. मूळ गोष्ट पास आणि कंपनीची खास ‘टर्बो’ सोय फक्त स्वतःच्याच यंत्राशी चालणारी, हा अनुभव आपण सगळ्यांनीच घेतलाय.

आणखी खोल अडचण पोस्टेलच्याच उपदेशात निघाली. त्याने 1980 च्या सुमारास सांगून ठेवलं होतं की आपण पाठवताना काटेकोर राहावं, दुसऱ्याचं घेताना उदार. त्यावर इंटरनेट वाढलं. पण उदारपणाने चुका लपतात, लपलेल्या चुकांवर दुसरे विसंबतात, आणि मग काही हलवता येत नाही. टीएलएस 1.3, म्हणजे आपल्या बँकेच्या पानावरचं कुलूप, 2018 मध्ये आलं तेव्हा वाटेतल्या जुन्या पेट्या नवा आवृत्तीक्रमांक बघून कनेक्शनच तोडत. शेवटी नव्या प्रोटोकॉलला जुन्या 1.2 चा वेष घालून बाहेर पाठवावं लागलं. 2023 च्या आरएफसी 9413 मध्ये तर उदारपणा आवरा, चूक दिसली की बोला, असंच लिहिलंय. मला ते पटतं. पतसंस्थेतल्या त्या स्विचने मुकाट्याने हाफ धरण्याऐवजी लाल दिवा दाखवला असता तर मी पहिल्याच दिवशी एसटीने घरी आलो असतो.

आता आपल्याकडे. भारतात दूरसंचार यंत्रांना टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग सेंटरचं सक्तीचं प्रमाणपत्र लागतं. 2017 च्या नियमांनी ते आलं, 2019 पासून टप्प्याटप्प्याने लागू झालं. त्यात मुख्य भर विजेची सुरक्षितता, रेडिओचा उपद्रव आणि किमान तांत्रिक अटी यांवर. हे आवश्यकच आहे, पण हे एका यंत्राचं एकट्याचं आरोग्य झालं. ते शेजाऱ्याशी बोलेल का, हा वेगळा प्रश्न. त्याचं उत्तर किती घाम काढतं हे बीएसएनएलच्या स्वदेशी 4जी ने दाखवलं. गाभा सी-डॉट या सरकारी संस्थेचा, रेडिओ तेजस कंपनीचे, जुळवाजुळव टीसीएसची. चंदीगड परिसरात आधी चाचण्या झाल्या, आणि 27 सप्टेंबर 2025 ला त्याचं देशभरचं उद्घाटन झालं. तिघांनी एकत्र बसून केलं, म्हणून ते झालं.

नेटवर्कची यंत्रं आपल्याला परकी नाहीत. गोव्यात वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत या धंद्यातल्या कंपन्या कित्येक वर्षं आहेत. पुण्यात, नव्या मुंबईत प्रोटोकॉलचा कोड लिहिणारी मराठी पोरं भरपूर. पण मी ज्या इंजिनिअरिंग कॉलेजांत पाहुणा म्हणून जातो, तिथल्या लॅबमध्ये बहुतेक वेळा एकाच कंपनीचे स्विच एकाच रांगेत मांडलेले दिसतात आणि मुलं त्याच कंपनीची परीक्षा देतात. तिथे सगळं एकमेकांशी छान बोलतं. डरहॅमसारखी एक खोली, पाच कंपन्यांची जुनी-नवी यंत्रं आणि दहा चिकट विद्यार्थी, एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. एखाद्या प्राचार्यांनी हा लेख वाचला तर त्यांनी मला जरूर बोलवावं. क्रिंपिंग टूल मी घेऊन येईन.

आणि तुम्ही सोसायटीसाठी, दुकानासाठी, शाळेसाठी स्विच किंवा राउटर घ्यायला जाल तेव्हा विक्रेत्याला किंमत आणि गॅरंटीसोबत एवढं विचारा: हे आणखी कोणाकोणाच्या यंत्रासोबत तपासलंय? आणि उत्तर बिलावर लिहून घ्या.