उभ्या ट्रॉलीचें भाडें

जमीनजुमल्याचे व्यवहार आपण काळजीपूर्वक कागदावर उतरवितों. परंतु भिंत उतरविणें, कौलें बदलणें असल्या किरकोळ कामांस तोंडचा शब्द पुरे मानितों. त्यामुळें आमच्या घरांत कसा कलह माजला, तें वाचकांपुढें ठेवितों. एकत्र कुटुंबांत असा प्रसंग कोणावरहि येण्याजोगा आहे.

रत्नागिरीस मिरकरवाड्याच्या वाटेवर आमचें जुनें घर आहे. मे महिन्याच्या अखेरीस पडवीची जांभ्याची भिंत उतरविली. फुटके चिरे व कौलें वाहून नेण्यासाठीं मिरकरवाड्यांतील एका गृहस्थांची ट्रॉली दोन दिवसांच्या बोलीनें भाड्यानें घेतली. ती अंगणांत सात दिवस उभी राहिली. मालकांनीं सात दिवसांचें भाडें मागितलें. आमचे ज्येष्ठ बंधू म्हणाले, "बोली दोन दिवसांची, वर एक पैसाहि मिळणार नाहीं." आणि रागाच्या भरांत त्या दोन दिवसांचे पैसेहि त्यांनीं अडकवून ठेविले.

१ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद. तत्पूर्वीचे दिवस म्हणजे बंदरावर वाहतूक करणारांच्या ऐन कमाईचे. हें आमच्यापैकीं कोणाच्याच ध्यानांत आलें नाहीं.

अखेर काकूंनीं विचारिलें, "अरे, दोन दिवसांच्या पैशांबद्दल तर वाद नाहीं ना? मग ते आपल्या कपाटांत कशाला?" या प्रश्नास कोणापाशींच उत्तर नव्हतें. दुसऱ्याच दिवशीं ते पैसे पोंचते केले, आणि मालक आपण होऊन ओसरीवर बोलावयास आले.

मग दिवसवार हिशेब मांडिला. तिसऱ्या व चौथ्या दिवशीं आमचा गवंडी आला नाहीं. पांचव्या दिवशीं ट्रॉली भरली, पण तसा निरोप आम्हीं धाडिला नाहीं. सहाव्या व सातव्या दिवशीं निरोप पोंचूनहि त्यांचा ट्रॅक्टर आला नाहीं. म्हणजे पांच दिवस आमचे, दोन त्यांचे. पांच दिवसांचें भाडें देऊन तंटा मिटला.

पुढें एका वकील स्नेह्यांनीं सांगितलें, कीं कायद्याचा रोखहि बहुतेक असाच आहे. १८७२ च्या करार कायद्यानें तोंडी करारहि बंधनकारक ठरतो. मात्र करारभंगाची भरपाई ठरवितांना, नुकसान टाळण्याचे कोणते उपाय हातीं होते, हेंहि पाहिलें जातें. वाहनाच्या भाड्याचा दावा, १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणें, भाडें देय झाल्यापासून तीन वर्षांत लावावा लागतो. परंतु दाव्यापूर्वींच लोकअदालतीचा मार्ग मोकळा आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये तेथें उभयतांच्या संमतीनें झालेला निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतकाच बंधनकारक असतो, व त्यावर अपील चालत नाहीं. त्यासाठीं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा.

तेव्हां पुढच्या वेळीं चार ओळी लिहून घ्याव्या: दर दिवसाचा कीं खेपेचा; मुदत किती; वाढीव दिवसास दर काय; आणि ट्रॉली भरल्याचा निरोप कोणीं, कसा द्यावयाचा. एवढें करूनहि वाद उद्भवलाच, तर जी रक्कम उभयतांस मान्य आहे ती आधीं देऊन टाकावी. उरलेल्या रकमेबद्दल मग शांतपणें बोलतां येतें. यंदा माजघराचीं कौलें उतरविलीं, तेव्हां ट्रॉली त्याच गृहस्थांची आली. आणि त्या चार ओळी आमच्या ज्येष्ठ बंधूंनींच लिहिल्या.