अर्ध्या कोऱ्या पानापलीकडे

मंगळावरच्या वाळवंटात विटांच्या छोट्या छोट्या पिरॅमिडांची रांग लागलेली आहे. रांगेच्या सुरुवातीचे वीतभरही उंच नाहीत. झिजलेले, आतून पोकळ, माथे फुटलेले. पुढे चालत जावं तसे ते मोठे आणि नवे होत जातात. शेवटच्या पिरॅमिडाचा माथा आपल्यासमोरच हलतो, विटा ढासळतात आणि आतून एक अवजड प्राणी बाहेर सरपटत येतो. थोडं पुढे जाऊन थांबतो. दर दहा मिनिटांनी त्याच्या तोंडातून एक वीट बाहेर पडते, ती तो स्वतःभोवती नीट रचतो. पुरता बंदिस्त झाला की भिंत फोडून पुन्हा पुढे.

हा प्राणी विटा का काढतो, याचं उत्तर मला आजही अंगावर काटा आणतं. आपल्या शरीराचा पाया कार्बनचा आहे. कार्बनचा ऑक्सिजनशी संयोग झाला की वायू तयार होतो, तो आपण श्वासावाटे सोडून देतो. हा प्राणी सिलिकॉनचा आहे. सिलिकॉनचा ऑक्सिजनशी संयोग झाला की वायू होत नाही, सिलिका होते, म्हणजे वाळूतलाच पदार्थ, घट्ट आणि जड. ती वीट हा त्या प्राण्याचा उच्छ्वास आहे. ते पिरॅमिड कोणी बांधलेले नाहीत. कुणीतरी युगानुयुगं नुसता श्वास घेत आलं आहे.

स्टॅन्ली वाइनबाउम या अमेरिकन लेखकाची ही कथा १९३४ सालची. पुढच्याच वर्षी, वयाच्या ३३व्या वर्षी, तो गेला. रसायनशास्त्राच्या पुस्तकातल्या एका ओळीतून त्याने एक प्राणी घडवला, त्याला मोजकी पानं दिली आणि पुढे निघाला. मी ही कथा एका जाडजूड संग्रहात वाचली. ती संपल्यावर पानाचा खालचा भाग कोरा होता. पान उलटलं, तर थेट सत्तर लाख वर्षांनंतरचं जग: शहरांमधली यंत्रं अजून न चुकता चालू आहेत, आणि उरलेल्या मूठभर माणसांमधलं कुतूहल मात्र विझून गेलं आहे. ही जॉन कॅम्बेलची कथा, तीही १९३४चीच. मंगळावरच्या विटांचे नियम इथे लागू नाहीत. वाचकाने सगळं पुन्हा पहिल्यापासून शोधायचं.

विज्ञानकथा, अद्भुतकथा, गूढकथा यांचे संग्रह माणसाला का धरून ठेवतात, याचं उत्तर मला त्या कोऱ्या जागेत सापडतं. कौटुंबिक कथांचा संग्रह वाचताना प्रत्येक कथेत माणसं बदलतात, पण पाणी उताराकडेच वाहतं आणि मेलेला माणूस परत येत नाही. कल्पिताच्या संग्रहात हेसुद्धा दर वेळी नव्याने तपासावं लागतं. समजा, एखादी कथा अशी सुरू झाली: त्या वर्षी दुसरा चंद्र जरा उशिराच उगवला. एवढ्यावरून आपल्याला किती कळतं पाहा. चंद्र दोन आहेत. लोकांना त्याचं नवल नाही. त्यांचं कालगणित त्या दुसऱ्या चंद्रावर बेतलेलं असावं, नाहीतर उशीर कुणाला जाणवला असता? आणि तो उशिरा उगवलाय, म्हणजे काहीतरी बिघडलं आहे. लेखकाने यातलं काहीच समजावून सांगितलेलं नाही. ते जग वाचकाने स्वतः बांधलं. एका संग्रहात वीस-पंचवीस कथा असतील, तर हे बांधकाम वीस-पंचवीस वेळा करायला मिळतं.

कादंबरीलाही हे जमतं, पण तिला त्या जगात नांदायचं असतं. कथेवर तसं बंधन नाही. तिला एकच प्रश्न विचारायचा असतो, आणि उत्तर देताना सूर्य विझवावा लागला तर ती तो विझवते. पुढचं प्रकरण नसतंच.

तो जाड संग्रह रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांनी संपादित केलेला ‘सायन्स फिक्शन हॉल ऑफ फेम’, १९७० सालचा. त्यातल्या २६ कथा अमेरिकेतल्या विज्ञानकथा लेखकांच्या संघटनेने सभासदांच्या मतदानाने निवडल्या. अट अशी की कथा १९६५च्या आधीची हवी आणि एका लेखकाची एकच घ्यायची. सर्वांत जास्त मतं मिळाली आयझॅक असिमोव्ह यांच्या ‘नाइटफॉल’ला. तिथे एका ग्रहाच्या आकाशात सहा सूर्य आहेत आणि अंधार सुमारे दोन हजार वर्षांतून एकदाच होतो. ती लिहिली तेव्हा असिमोव्ह २१ वर्षांचे होते. दुसरा क्रमांक विटांच्या त्या प्राण्याच्या कथेचा. संग्रहात क्रम मात्र मतांचा नाही, काळाचा आहे. मला ते फार बरं वाटतं, कारण एका पिढीची भीती पुढच्या पिढीच्या हाती आल्यावर कशी पालटते, ते पानं उलटता उलटता दिसत जातं.

आणि कथांचा एकमेकींना लाभणारा शेजार! ॲन आणि जेफ व्हँडरमीर यांनी २०१६मध्ये ‘द बिग बुक ऑफ सायन्स फिक्शन’ काढलं. शंभरावर कथा, तेही काळाच्या क्रमाने. त्यात बंगालच्या रुकैया सखावत हुसैन यांची १९०५ सालची ‘सुलतानाज ड्रीम’ आहे. मद्रासच्या एका स्त्रियांच्या मासिकात ती प्रथम आली होती. तिच्यातल्या राज्यात पुरुष पडद्यात आहेत, स्त्रिया विद्यापीठं चालवतात आणि सूर्याची उष्णता साठवून, ती शत्रूवर रोखून लढाई जिंकतात. तिच्या एका बाजूला एच. जी. वेल्सची पृथ्वीजवळून जाणाऱ्या ताऱ्याची कथा, दुसऱ्या बाजूला एका ऑस्ट्रियन लेखकाची यांत्रिक सशांची कथा. हे तिघे एकमेकांना आयुष्यात बहुधा कधी भेटले नसावेत. शंभराहून अधिक वर्षांनी एका पुस्तकाने त्यांना एका ओळीत बसवलं. संपादकाच्या या कामाला मी निर्मितीच म्हणेन.

मराठी वाचकाला हा शेजार नवा नाही. १९०९मध्ये ‘मनोरंजन’ने दिवाळी अंकाची प्रथा पाडली तेव्हापासून अनेक हातांचं लेखन एका बांधणीत वाचायची सवय आपल्याला लागलेली आहे. अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ मासिकाचं नुसतं नावच काय सांगतं! नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या गूढकथांनी त्या सवयीला रात्री उशिरापर्यंत जागं ठेवलं. आपल्याकडची विज्ञानकथा कादंबरीपेक्षा मासिकं, दिवाळी अंक आणि स्पर्धा यांच्या आधाराने वाढली.

स्पर्धेची एक हकिगत तर मला पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा ठेवली होती. ‘कृष्णविवर’ या कथेला पहिलं बक्षीस मिळालं. लेखक, नारायण विनायक जगताप. या नावाची आद्याक्षरं उलटी वाचा: ज, वि, ना. जयंत विष्णु नारळीकर. जगभर नाव झालेल्या खगोलशास्त्रज्ञाला आपली कथा कथा म्हणूनच वाचली जावी असं वाटत होतं. पुढे एका कथेत त्यांनी गंगाधरपंत गायतोंडे या पात्राला अशा इतिहासात नेऊन सोडलं, जिथे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, ती थोडक्यात हुकली. १४ जानेवारी १७६१ ही तारीख ज्याच्या मनात रुतलेली आहे, अशा वाचकाला ती हुकलेली गोळी काय वाटते, हे दुसऱ्या भाषेत समजावणं कठीण आहे.

तरीही दुसऱ्या भाषेत जायला हवंच. बाळ फोंडके यांनी १९९३मध्ये नॅशनल बुक ट्रस्टसाठी ‘इट हॅपन्ड टुमॉरो’ संपादित केलं. वेगवेगळ्या भारतीय भाषांमधल्या १९ विज्ञानकथा इंग्रजीत. त्यातल्या नारळीकरांच्या कथेत मुंबईत बर्फ पडतो, हिमयुग दाराशी येतं. लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, शुभदा गोगटे, अरुण मांडेही त्यात आहेत. नावं वाचताना जाणवतं की मराठीचा वाटा तिथे मोठा आहे. पण त्याच पुस्तकात तमिळ, कन्नड, बंगाली कथा आहेत, आणि आपण एरवी ज्यांच्या घरी कधी गेलो नसतो त्यांच्या भविष्यात आपण शिरतो.

नारळीकरांच्या ७८ वर्षं आधी आणखी एका शास्त्रज्ञाने असंच नाव लपवलं होतं. कलकत्त्यात हेमेंद्रमोहन बोस ‘कुंतलीन’ नावाचं केशतेल बनवत. त्यांनी कथास्पर्धा सुरू केली. कथेत तेलाचा उल्लेख यावा, पण ती जाहिरात वाटू नये, ही अट. बक्षीसपात्र कथा पुस्तकरूपाने निघत. विचार करा, केशतेलाच्या कारखान्यातून दर वर्षी कथासंग्रह! १८९६च्या विजेत्या कथेवर लेखकाचं नाव नव्हतं. ती जगदीशचंद्र बोस यांची होती. हवामानखात्याने कलकत्त्यावर चक्रीवादळ येणार म्हणून जाहीर केलेलं असतं आणि ते येतच नाही. कुठे गेलं, कुणालाच कळत नाही. खरा प्रकार निवेदकाला ठाऊक असतो: खवळलेल्या समुद्रात जहाज बुडायची वेळ आली तेव्हा त्याने मुलीने दिलेली केशतेलाची बाटली लाटांवर ओतली होती.

बाटलीभर तेलाने चक्रीवादळ थांबणार नाही. पण कल्पनेचं मूळ खरं आहे. बेंजामिन फ्रँकलिनने लंडनजवळच्या तळ्यात चमचाभर तेल ओतलं आणि सुमारे अर्धा एकर पाणी शांत झालेलं पाहिलं. त्याचा वृत्तान्त १७७४मध्ये छापला गेला. चमचाभर तेल अर्ध्या एकरावर पसरवायचं, तर थराची जाडी मिलिमीटरच्या काही लाखाव्या भागाइतकी उरते, म्हणजे जेमतेम एका रेणूची. तो थर बारीक लहरी जिरवतो आणि वाऱ्याला पाण्यावर पकड मिळेनाशी होते. फ्रँकलिनला रेणू ठाऊक नव्हते. त्याला फक्त पाणी गप्प झालेलं दिसलं.

बोस यांची कथा वाचून झाल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. परात स्वच्छ धुऊन पाण्याने भरली, वर टाल्कम पावडर भुरभुरवली आणि बोटाच्या टोकाने खोबरेलचा एक थेंब मधोमध टेकवला. पावडर सगळ्या बाजूंनी एकदम काठाकडे पळाली. मध्ये स्वच्छ पाण्याचं वर्तुळ उरलं.